डोळ्यांपुढची चिलटं

साठीच्या घरातलं कुणी सकाळी गॅलरीत पेपर वाचत बसलेलं असतं आणि मधेच हात हलवून चिलट हाकलतं. चिलट जात नाही. नजर डावीकडे वळली की तेही डावीकडे घरंगळतं. नीट निरखायला जावं तर निसटतं. कारण ते बाहेर नसतंच, डोळ्याच्या आत असतं. जुन्या वैद्यकात याला लॅटिनमध्ये ‘उडत्या माश्या’ असंच नाव होतं. आजचे डॉक्टर ‘फ्लोटर्स’ म्हणतात.

डोळ्यातल्या भिंगामागे सुमारे ४ मिलीलीटर पारदर्शक जेली असते. तिच्यात जवळजवळ ९९ टक्के पाणी. उरलेल्यात मुख्यतः कोलॅजेनचे अतिसूक्ष्म धागे आणि हायलुरॉनिक आम्ल. हे आम्ल १९३४ मध्ये कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी गुरांच्या डोळ्यांतल्या याच जेलीतून प्रथम वेगळं काढलं. आज ते चेहऱ्याच्या क्रीममध्येही असतं!

वय वाढतं तशी ही जेली जागोजागी पातळ होते आणि सुटे झालेले धागे एकमेकांना चिकटतात. आपल्याला दिसते ती या गुंत्याची दृष्टिपटलावर पडलेली सावली. लख्ख आभाळाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे पाहताना बाहुली आकसते, म्हणून ती अधिकच ठळक होते.

पुढे आकसलेली जेली दृष्टिपटलापासून सुटते. पन्नाशी-साठीनंतर हे बहुतेकांच्या बाबतीत कधी ना कधी घडतं. मोठा मायनस नंबर असलेल्यांना किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांना लवकर. बहुतेकदा काही आठवड्यांत मेंदू त्या सावलीकडे काणाडोळा करायला शिकतो. ती विरघळवणारे खात्रीचे थेंब नाहीत, की डोळ्यांचे व्यायामही नाहीत. त्यावर पैसे घालवू नयेत.

मात्र जेली सुटताना कधी दृष्टिपटलालाच ओढ बसते आणि ते फाटतं. अचानक ठिपक्यांचा पाऊस, कडेला वीज चमकल्यासारखा प्रकाश, एका बाजूने सरकत येणारा काळा पडदा ही त्याची लक्षणं. मधुमेह्यांमध्ये असे ठिपके आतल्या रक्तस्रावाचेही असू शकतात. दुखत मात्र काहीच नाही, आणि म्हणूनच माणसं थांबतात. वेळेवर कळलं तर फाटलेली जागा लेझरने सांधता येते. उशीर झाला तर दृष्टिपटल सुटतं आणि मोठी शस्त्रक्रिया करावी लागते.

म्हणून असं झालं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. बाहुली मोठी करणारे थेंब घालून तपासतात आणि नंतर काही तास धूसर दिसतं. तेव्हा स्कूटर घरी ठेवा आणि सोबत कुणाला तरी न्या.