जुनी गाडी आणि रेडिएटरचं पाणी



दुसऱ्या-तिसऱ्या हातातली, दीड-दोन लाख किलोमीटर चाललेली जीप किंवा मोटार तुमच्यापैकी काहींच्या दारात असेल. भाजीच्या जाळ्या भिवंडीला न्यायच्या, रात्री-अपरात्री आजारी माणूस दवाखान्यात पोचवायचा, सारी भिस्त तिच्यावर. ती नवी दिसली नाही तरी चालेल, पण वज्रेश्वरीहून निघून अंबाडीच्या अलीकडेच बंद पडता कामा नये.

जुन्या इंजिनाचा मोठा शत्रू म्हणजे ताप. काटा वर चढलेला दिसतो, तरी "घर आलंच की" म्हणत आपण गाडी दामटतो. तेवढ्यात हेड वाकतं, गॅस्केट जळतं. एका चिरलेल्या रबरी नळीपायी सगळं इंजिन उघडायची पाळी येते. तेव्हा काटा चढला की गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि चांगलं गार होऊ द्या. गरम रेडिएटरचं झाकण उघडाल तर उकळतं पाणी तोंडावर येईल.

आता पाणी कोणतं घालायचं? आपल्याकडे अकलोली, गणेशपुरीची गरम कुंडं हाताशी आहेत. ते पाणी अंगाला मानवत असेल, रेडिएटरला नाही. त्यात क्षार असतात. पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरा थर धरतो ना, तसाच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो. विहिरीचं, बोअरचं जड पाणीही तसंच. अडचणीच्या वेळी मिळेल ते घाला, पण नंतर काढून टाका आणि बॅटरीत घालतो ते शुद्ध पाणी व कूलंट डब्यावरच्या प्रमाणात भरा.

आठवड्यातून एकदा, सकाळी गार इंजिनात, सपाट जागी तेलाची पट्टी बघा. जुनी गाडी थोडं तेल खाणारच. कमी झालं तर भरा. पण तेल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर पाणी आत शिरलं समजा. गाडी चालू न करता कारागिराला बोलवा.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. आपल्या पावसाळी मुलखात ते दोन वर्षांनी बदलाच. पाण्यातून गाडी काढलीत तर पुढे हळू चालवत चार वेळा ब्रेक दाबून ते कोरडे करा.

भाताच्या पेंढ्याजवळ गाडी लावू नका. उंदीर वायरी कुरतडतात, आणि तापलेल्या सायलेन्सरखाली सुका पेंढा पेटतो तो वेगळाच. पेट्रोल गाडीवाल्यांना आणखी एक. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबरी नळ्यांना ते सोसत नाही. पेट्रोलचा वास आला तर नळी त्याच दिवशी बदला.

मोठं काम काढण्याआधी नोंदणीचं पुस्तक उघडा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून, फी भरून ५-५ वर्षांनी वाढवावी लागते. मुदत जवळ आली असेल तर तोही खर्च हिशेबात धरा. रंगकाम राहू द्या, आधी टायर आणि ब्रेक बघा.