राणीछाप रुपयाचे मोल



डहाणू-तलासरीकडच्या कित्येक घरांत पणजीच्या गाठोड्यात दोनचार राणीछाप रुपये जपून ठेवलेले असतात. घरात आजारपण आले, लग्न निघाले की ते बाहेर निघतात. अशा वेळी कोणी सांगतो, ‘जुन्या नाण्याला लाखो रुपये येतात!’ हे खरे की खोटे? आज त्याचाच विचार करू.

लाखो काय, कोटीही येतात. अमेरिकेत 1933 साली पाडलेले 20 डॉलरचे एक सोन्याचे नाणे 2021 साली न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे 1 कोटी 89 लाख डॉलरना गेले. आपल्या हिशेबाने सव्वाशे कोटी रुपयांहून अधिक! पण ही किंमत सोन्याची नव्हे, वयाचीही नव्हे. त्या सालची नाणी चलनात न आणता सरकारने वितळवली. त्यातून वाचलेल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या नाण्यांपैकी ते एक. शिवाय खाजगी माणसाने कायदेशीरपणे बाळगता येईल असे तेवढेच. म्हणून ती किंमत.

तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. जुने म्हणजे महाग, असे नाही. व्हिक्टोरिया राणीचा 1862 सालचा रुपया पाहा. ते साल तसेच ठेवून पुढे कित्येक वर्षे रुपये पाडले गेले, म्हणून तो आजही पुष्कळ सापडतो. उलट 1939 चा रुपया वयाने लहान, पण अत्यंत दुर्मिळ. त्याला मोठी किंमत येते आणि म्हणून त्याच्या नकलाही फार.

दुसरी गोष्ट नाण्याच्या प्रतीची. 1949 साली शेल्डन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने नाण्याची प्रत 1 ते 70 अशा गुणांनी मोजण्याची रीत घातली. टांकसाळीतून जसे निघाले तसे राहिलेले नाणे वरच्या गुणांचे. तिथे एका गुणाच्या फरकानेही किंमत कितीतरी पट बदलते. आपल्याकडे होते काय? विकायला नेण्याआधी आपण नाणे चिंच लावून, राखेने घासून लख्ख करतो. भांडे घासावे, नाणे घासू नये! घासलेल्या किंवा कडी जोडलेल्या नाण्याला संग्राहक सहसा चांगली किंमत देत नाही. मग बहुधा चांदीचाच भाव पदरात पडतो.

पण तो भाव तरी पुरा पडावा. 1939 पर्यंतच्या रुपयाचे वजन 180 ग्रेन, म्हणजे एक तोळा. आजच्या मापाने 11.66 ग्रॅम. त्यात बारापैकी अकरा भाग चांदी, म्हणजे सुमारे 10.7 ग्रॅम. 1940 पासून चांदी निम्म्यावर आली आणि 1947 चा रुपया तर निकेलचा. त्याला लोहचुंबक चिकटतो. त्या दिवशीचा चांदीचा भाव वर्तमानपत्रात पाहून चौथी-पाचवीचे पोरही हा गुणाकार करील. गुरुजी, वर्गात एकदा हे गणित घालाच.

आता व्यापाऱ्याचा नफा. दुकानदार विकतो त्या भावाने विकत घेत नाही. त्याचे भांडवल अडकते, खोटे नाणे पदरात पडण्याची जोखीम असते; तेव्हा फरक राहणारच. लिलावातही तेच. समजा, 10,000 रुपयांवर हातोडा पडला. घेणाऱ्याकडून 15 टक्के वरकड घेतले, तर तो 11,500 देतो. विकणाऱ्याकडून 10 टक्के दलाली घेतली, तर त्याच्या हाती 9,000 येतात. म्हणून ऐकलेला आकडा आपला समजू नका. दोन-तीन ठिकाणी दाखवा, मगच सौदा करा. आणि विकण्यापूर्वी कोणी पैसे मागितले, तर तिथेच थांबा. रिझर्व्ह बँकेचे नाव व चिन्ह वापरून काही लोक जुन्या नाण्यांच्या सौद्यासाठी शुल्क, दलाली, कर मागतात, असा इशारा बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये दिला. बँक असल्या सौद्यात पडत नाही.

शेवटी जमिनीतून निघणाऱ्या नाण्यांविषयी. आपला मुलूख जुना आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपान राजाचा जावई उषवदात याचा सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्याने ज्या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, त्यांत ‘दाहनुका’ हे नाव आहे. तीच आपली डहाणूची नदी मानतात. पुढे 1906 साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी एकत्र सापडली. त्यांतील बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. कोणी कोणाचे राज्य जिंकले, हे त्या नाण्यांनीच सांगितले. ती नाणी एकेक करून विकली गेली असती, तर ही साक्ष बुडाली असती.

म्हणून नांगराला हंडा लागला तर लपवू नका. दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास कलेक्टरला कळवावे, असा 1878 चा कायदा आहे. मूळ मालक निघाला नाही आणि दुसरा करार नसला, तर तीनचतुर्थांश सापडणाऱ्याचे व एकचतुर्थांश जमीनमालकाचे. सरकारने ते स्वतःकडे घेतले, तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा देते. लपवणाऱ्याचा मात्र हिस्साही जातो आणि शिक्षाही होते.

तेव्हा मंडळी, नाणे घासू नका, साल वाचा, वजन करा, दोन ठिकाणी विचारा. पणजीने पोटाला चिमटा घेऊन ठेवलेला रुपया आहे तो. अडचणीच्या दिवशी घाईने कवडीमोल होऊ देऊ नका.