नॉर्मल म्हणजे काय गं?



गेल्या महिन्यात गटाच्या बैठकीत आम्ही एक गंमत केली. 'नॉर्मल' हा शब्द कितीदा येतो ते बोटांवर मोजायचं ठरवलं. बचतीचे हप्ते गोळा होईपर्यंत दोन्ही हातांची बोटं संपली! थोरलीची डिलिव्हरी नॉर्मल झाली, सासऱ्यांचा बीपी नॉर्मल आला, जावेशी वाजलं होतं पण आता सगळं नॉर्मल आहे. शाळेची पायरी न चढलेल्या आजीही हा शब्द मराठीच असल्यासारखा वापरतात.

मग आम्ही तो आला कुठून ते शोधलं. तर तो निघाला सुताराच्या पेटीतून! लॅटिन भाषेत 'नॉर्मा' म्हणजे गुण्या. चौकटीचा कोपरा काटकोनात आहे का, हे बघायला आपले सुतार आणि गवंडी लावतात, तोच. इंग्रजीत हा शब्द आला तेव्हा 'नॉर्मल' म्हणजे काटकोनात उभं असलेलं. भूमितीच्या पुस्तकात हा अर्थ आजही आहे. पुढे गुण्यात बसणारं ते नियमात बसणारं, असा अर्थ वाढला. प्रचंड मोठ्या गोष्टीला इंग्रजीत 'एनॉर्मस' म्हणतात, तोही याच घरातला. गुण्याच्या बाहेर गेलेला!

पॅरिसमध्ये १७९४ साली शिक्षक घडवणारी 'नॉर्मल' शाळा काढायचं ठरलं. शिकवण्याचा नमुना घालून देणारी शाळा, म्हणून हे नाव. आपल्या सावित्रीबाईंनी पुण्यात शिक्षिकेचे धडे घेतले तेही नॉर्मल स्कूलमध्ये, असं त्यांच्या चरित्रांत येतं.

एकोणिसाव्या शतकात मात्र या शब्दाला आणखी एक अर्थ चिकटला. नेहमीचं, सगळ्यांचं असतं तसं. गोची झाली ती इथेच. असायला हवं ते नॉर्मल, आणि सगळीकडे दिसतं तेही नॉर्मल.

आमच्या गटातल्या एकीला वर्षभर दम लागायचा. पाण्याचा हंडा घेऊन ओटा चढली की डोळ्यापुढे अंधारी. सासू म्हणाली, बाईच्या जातीला असं होतंच. शेजारीण म्हणाली, मलाही होतं. दवाखान्यातही कुणीतरी न तपासताच म्हणालं, "नॉर्मल आहे, काळजी करू नका." शेवटी आशाताईंनी मागे लागून रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन निघालं साडेआठ! गरोदर नसलेल्या बाईचं ते निदान १२ असावं लागतं, गरोदरपणात ११.

सासू खोटं बोलत नव्हती, बरं का. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायांना रक्तक्षय आढळला. म्हणजे दमलेली बाई नेहमीचीच झाली. पण गावातल्या निम्म्या चौकटी वाकड्या बसल्या, म्हणून सुतार गुण्या वाकवत नाही ना?

दुसरीकडे, ज्या बाईचं सिझर झालं तिला 'हिची नॉर्मल नाही झाली' असं तोंड वाकडं करून म्हणतात. तिच्या पोटावर टाके आहेत, मांडीवर बाळ आहे. कुठल्या गुण्यात बसत नाही ती? हा शब्द बाईला लावूच नये, असं आमचं मत आहे.

रक्ताच्या रिपोर्टवर मात्र तो जरूर वाचा. तुमच्या आकड्याशेजारी नॉर्मल रेंजचा रकाना असतो. इंग्रजी येत नसलं तरी आकडे लावून बघता येतात. आणि कुणी नुसतं 'नॉर्मल आहे' म्हणालं, तर विचारा, "आकडा किती आला? असायला किती हवा?"

आमची ती मैत्रीण डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घेते आहे. गोळी चहासोबत घेत नाही, कारण चहामुळे लोह अंगी नीट लागत नाही. लिंबू-पाण्यासोबत घेते. परवाच्या तपासणीत दहाच्या वर गेली. अजून दोन बाकी आहेत, असं तीच सगळ्यांना सांगत फिरते.

पुढच्या बैठकीला येताना पासबुकासोबत आपापला रिपोर्टही घेऊन या. एकत्र बसून वाचू.