शस्त्रक्रियांची मोजदाद आणि दृष्टीचा हिशेब



मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ही जगात सर्वाधिक होणाऱ्या शस्त्रक्रियांपैकी एक असून ती बहुसंख्य रुग्णांत यशस्वी होते, याविषयी नेत्रतज्ज्ञांच्या या परिषदेत दुमत असण्याचे कारण नाही. अध्यक्षपदावरून विचारार्थ ठेवावयाचा मुद्दा त्यापुढचा आहे. वर्षभरात किती शस्त्रक्रिया झाल्या हा आकडा शासकीय अहवालापासून गावच्या शिबिराच्या फलकापर्यंत सर्वत्र ठळक अक्षरांत आढळतो. मात्र त्या डोळ्यांपैकी किती डोळ्यांना रोजच्या व्यवहाराला पुरेशी दृष्टी मिळाली आणि ज्यांना मिळाली नाही त्यांचे काय बिघडले, याची नोंद फार थोड्या ठिकाणी ठेवली जाते.

हा भेद कृत्रिम भिंगाच्या जन्मापासूनचा आहे. सुश्रुतसंहितेत वर्णिलेल्या पद्धतीत गढूळ भिंग शलाकेने दृष्टिमार्गातून बाजूला सारले जाई. फ्रान्समध्ये झाक दाव्हिएल यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास ते डोळ्याबाहेर काढण्याची पद्धत रूढ केली. परंतु दोन्ही पद्धतींनंतर डोळा भिंगाविनाच राही. युद्धकाळात विमानाच्या काचछताचे परस्पेक्सचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत शिरूनही तेथे फारशी दाहक प्रतिक्रिया होत नाही, हे हॅरोल्ड रिडली यांनी हेरले आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्याच जातीच्या प्लास्टिकचे पहिले भिंग बसवण्यास आरंभ केला. भिंग डोळ्याने स्वीकारले, परंतु त्याची शक्ती गरजेपेक्षा फार अधिक ठरल्याने त्या रुग्णास मायनसचा मोठा नंबर आला. शस्त्रक्रिया यशस्वी होणे आणि दृष्टी अपेक्षेप्रमाणे मिळणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे या पहिल्याच उदाहरणाने दाखवून दिले.

दृष्टिलाभ मोजण्याचे निकष जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्ये ठरवून दिले. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण जो चष्मा प्रत्यक्षात वापरत असेल त्यासह, किंवा चष्मा नसल्यास तसाच, किमान ८० टक्के डोळ्यांत ६/१८ किंवा त्याहून चांगली दृष्टी असावी आणि ६/६० पेक्षा कमी दृष्टीचे डोळे ५ टक्क्यांहून अधिक नसावेत. योग्य चष्मा देऊन तपासल्यास चांगल्या दृष्टीचे प्रमाण ९० टक्क्यांवर जावे. ६/१८ म्हणजे निरोगी डोळ्याला १८ मीटरवरून वाचता येणारी ओळ रुग्णाला ६ मीटरवरून वाचता येणे. ८० आणि ९० या दोन टक्केवारींमधील अंतर मुख्यतः चष्म्याच्या नंबराचे आहे, म्हणजेच ते भिंगाची अचूक निवड आणि शस्त्रक्रियेनंतरची तपासणी यांनी भरून काढता येते. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने २०३० साठी जे उद्दिष्ट मान्य केले, त्यात तर शस्त्रक्रिया झालेला रुग्ण ६/१२ इतकी दृष्टी मिळाल्याखेरीज गणनेतच धरला जात नाही. भारतापुरते बोलावयाचे तर २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढील व्यक्तींमधील अंधत्वाच्या कारणांत ६६.२ टक्के वाटा उपचार न झालेल्या मोतीबिंदूचा, तर ७.२ टक्के वाटा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतून उद्भवलेल्या गुंतागुंतीचा आढळला. पहिला आकडा अधिक शस्त्रक्रियांची मागणी करतो आणि दुसरा अधिक चांगल्या शस्त्रक्रियांची; यांतील एकाकडे पाहून दुसऱ्याकडे पाठ फिरवता येत नाही.

शस्त्रक्रियेदरम्यान उद्भवणाऱ्या गुंतागुंतींत भिंगाच्या पिशवीचा मागचा पडदा फाटणे ही सर्वांत महत्त्वाची होय. मध्यभागी हा पडदा एका मिलिमीटरच्या सुमारे अडीचशेव्या भागाइतका पातळ असतो आणि त्याच्या मागे काचद्रव, म्हणजे डोळ्याची मोठी पोकळी भरून टाकणारा पारदर्शक व दाट पदार्थ असतो. पडदा फाटला की हा काचद्रव पुढे येतो आणि तो ओढला गेल्यास दृष्टिपटल सुटण्याचा धोका वाढतो. अशा वेळी फेकोची, म्हणजे कंपनांनी मोतीबिंदू फोडणाऱ्या यंत्राची, सुई घाईने बाहेर काढल्यास पुढच्या कप्प्यातील दाब एकदम उतरून काचद्रव अधिकच पुढे सरकतो. म्हणून आधी दुसऱ्या छेदातून संरक्षक घट्ट द्रव भरून मगच सुई काढावी, पुढे आलेला काचद्रव ओढून न घेता कापून काढावा, मागे बुडालेल्या तुकड्याचा पाठलाग न करता तो दृष्टिपटल शल्यविशारदावर सोपवावा आणि अखंड ॲक्रिलिकचे एकसंध भिंग पिशवीबाहेर बसवू नये, कारण त्याच्या जाड कडा परितारिकेला घासत राहतात. काळजीपूर्वक केलेल्या अशा व्यवस्थापनानंतर पुष्कळ रुग्णांना उत्तम दृष्टी मिळते. दृष्टी जाते ती बहुधा मूळ फाटण्यापेक्षा त्यानंतरच्या धांदलीने. पूर्ण पिकलेला तपकिरी मोतीबिंदू, लहान बाहुली, काचबिंदू आणि प्रोस्टेटसाठी घेतले जाणारे टॅम्सुलोसिनसारखे औषध ही जोखमीची लक्षणे शस्त्रक्रियेपूर्वीच कळू शकतात. टॅम्सुलोसिनमुळे परितारिका ढिली पडून लाटांसारखी हलते, हे चँग व कॅम्पबेल यांनी २००५ मध्ये दाखवले. तेव्हा वृद्ध पुरुष रुग्णाला लघवीच्या गोळ्यांविषयी विचारणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

जंतुसंसर्ग, म्हणजेच एंडोप्थॅल्मायटिस, विरळ असला तरी सर्वांत भयावह, कारण त्यात काही दिवसांत, कधी काही तासांत, डोळा निकामी होऊ शकतो. त्याच्या प्रतिबंधातील दोन गोष्टींना आज भक्कम आधार आहे. शस्त्रक्रियेपूर्वी डोळ्यात ५ टक्के पोव्हिडोन आयोडीनचे थेंब घालून त्यास पुरेसा अवधी देणे ही पहिली, आणि शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात प्रतिजैविक सोडणे ही दुसरी. युरोपातील बहुकेंद्री अभ्यासाने २००७ मध्ये सेफ्युरॉक्झिमची उपयुक्तता सिद्ध केली, तर मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालय समूहाने ६ लाखांहून अधिक शस्त्रक्रियांचा आढावा घेऊन २०१७ मध्ये दाखवून दिले की मॉक्सिफ्लॉक्सॅसिनच्या वापराने संसर्गाचे प्रमाण ०.०७ टक्क्यांवरून ०.०२ टक्क्यांवर आले. हा निष्कर्ष प्रत्येक डोळ्याची नोंद ठेवली म्हणूनच निघू शकला. रुग्णाला घरी पाठवताना डोळा ठणकणे, लाली वाढणे आणि नजर अंधुक होणे या तिन्ही तक्रारी त्याच्या भाषेत समजावून द्याव्यात व त्यांतील एकही जाणवल्यास त्याच दिवशी परत यावे असे बजावून सांगावे. थेंबांची चिठ्ठी हातात दिल्याने हे काम पुरे होत नाही.

भिंगाची शक्ती ठरवण्यासाठी डोळ्याची लांबी आणि पारपटलाची, म्हणजे पुढच्या पारदर्शक काचेची, वक्रता मोजावी लागते. सामान्य डोळ्यात लांबीच्या मोजमापात एका मिलिमीटरची चूक झाली तर चष्म्याच्या नंबरात सुमारे अडीच डायॉप्टरची चूक होते. ध्वनिलहरींच्या उपकरणाचे टोक पारपटलावर दाबले गेल्यास डोळा आखूड मोजला जातो, भिंग गरजेपेक्षा जोरकस निवडले जाते आणि रुग्णास मायनसचा नंबर येतो. चष्मा घालवण्यासाठी पूर्वी लेझर करून घेतलेल्या व्यक्ती आता मोतीबिंदूच्या वयाला पोहोचत आहेत. त्यांच्या पारपटलाची वक्रता नेहमीच्या सूत्रांनी फसवी ठरत असल्याने जुन्या लेझरची माहिती विचारणे व योग्य सूत्र वापरणे आवश्यक आहे. दूर आणि जवळ दोन्ही दाखवणारी मल्टिफोकल भिंगे चष्म्याची गरज घटवतात, परंतु प्रकाशाची विभागणी करत असल्याने रात्री दिव्याभोवती वलये दिसणे व अंधुक प्रकाशात अक्षरे फिकी पडणे हे त्यांचे मोल आहे. रात्री वाहन चालवणाऱ्या किंवा दृष्टिपटलाचा विकार असलेल्या रुग्णास हे आधी न सांगता महाग भिंग विकणे व्यवसायधर्माला धरून नाही.

काही गुंतागुंती उशिरा उद्भवतात. मागच्या पडद्यावर उरलेल्या पेशी वाढून तो धूसर होतो तेव्हा रुग्ण ‘मोतीबिंदू परत आला’ असे समजून घाबरतो किंवा वयाचा दोष मानून गप्प बसतो. वास्तविक याग लेझरने पडद्यात मध्यभागी छिद्र पाडले की दृष्टी बहुधा लगेच सुधारते. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूस येणारी सूज विशेषतः मधुमेहींत आढळते, आणि दृष्टिपटल सुटणे महिन्यांनी किंवा वर्षांनीही घडू शकते. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून शाबासकी देणाऱ्या व्यवस्थेला यांतले काहीच दिसत नाही.

म्हणूनच नोंदवहीचा प्रश्न मध्यवर्ती ठरतो. स्वीडनने १९९२ मध्ये मोतीबिंदूची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. ब्रिटनमध्ये ५५,५६७ शस्त्रक्रियांच्या नोंदींतून मागचा पडदा फाटण्याचे वा काचद्रव बाहेर येण्याचे प्रमाण १.९२ टक्के निघाले, आणि वय, काचबिंदू, लहान बाहुली, शल्यकाचा अनुभव यांनुसार जोखीम किती वाढते हेही कळले, त्यामुळे कठीण डोळे स्वीकारणाऱ्या शल्यविशारदाची तुलना न्यायाने करता येऊ लागली. अशा नोंदीची भीती वाटणे स्वाभाविक आहे, कारण आकडा उघड झाला की बोट दाखवले जाईल असे वाटते. परंतु नोंद नसताना केवळ अफवा आणि वृत्तपत्रातील मथळा उरतो व त्यात प्रामाणिक शल्यविशारदाचाच अधिक बळी जातो.

या परिषदेने त्यामुळे तीन गोष्टींचा आग्रह धरावा. प्रत्येक रुग्णालयाने, मग ते महानगरातील असो वा तालुक्याचे, शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवड्यांची दृष्टी चष्म्याविना व चष्म्यासह नोंदवावी; मागचा पडदा फाटणे, जंतुसंसर्ग आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणे या तीन घटनांचा नाव न घेता सामायिक अहवाल दरवर्षी या व्यासपीठावर मांडावा; आणि अनुदान व पुरस्कार ठरवताना शस्त्रक्रियांच्या संख्येबरोबर मिळालेल्या दृष्टीची टक्केवारीही विचारात घेण्याची शिफारस शासनास करावी. या कामासाठी नवे यंत्र विकत घ्यावे लागत नाही. दृष्टीचा तक्ता, नोंदवही आणि रुग्णाला परत बोलावण्याची चिकाटी एवढेच पुरते. पुढील अधिवेशनात पहिला सामायिक अहवाल सादर व्हावा, हीच या भाषणाची विनंती आहे.