होसान्ना



झावळ्यांच्या रविवारी आमच्या देवळात मुलं झावळ्या हलवत, 'होसान्ना, होसान्ना' म्हणत आत येतात. हा शब्द यहुद्यांच्या प्रार्थनेतला. 'आम्हाला तार' असा त्याचा अर्थ. १९४१ साली जर्मनीत निघालेल्या एका ख्रिस्ती गीतसंग्रहातून तो वेचून काढला होता. 'हालेलूया'सुद्धा काढला होता.

ही कात्री मंडळीतल्याच माणसांनी चालवली, त्यात पाळक होते, धर्मशास्त्राचे प्राध्यापक होते. मार्टिन ल्यूथरनं ज्या वार्टबुर्ग किल्ल्यात बसून नवा करार जर्मन भाषेत आणला, तिथंच मे १९३९ मध्ये त्यांच्या संस्थेचं उद्घाटन झालं. ख्रिस्ती जीवनातला यहुदी अंश पुसून टाकायचा, हे तिचं काम. पुढच्या वर्षी त्यांनी आपला नवा करार छापला. त्यात मत्तयाच्या आरंभीची अब्राहाम-दाविदाची वंशावळच नाही!

एवढी मजल कशी गेली? न्युरेंबर्गचं 'डेअर श्ट्युर्मर' हे नाझी साप्ताहिक रस्त्यारस्त्यावर काचेच्या पेट्यांत लावलेलं असे. येताजाता फुकट वाचायचं. यहुद्यांची विद्रूप चित्रं, आणि हेच आपल्या देशाचं दुर्दैव, ही एकच ओरड. त्याच प्रकाशनानं १९३८ साली मुलांसाठी पुस्तक काढलं, त्यात यहुदी म्हणजे विषारी अळंबी. शेजारचा डॉक्टर, वर्गातला सोबती, सगळे सैतानाच्या रांगेत बसवले. पण रविवारी देवळात जावं, तर येशूच त्या लोकांतला निघतो. मग द्वेष सोडा, नाहीतर येशूला कापा. त्यांनी येशूला कापलं.

मला हे फार लागतं, कारण आपण उपासनेत पापकबुली देतो ती 'मी'पासून. राष्ट्रालाच देव मानणाऱ्यांना तिथं 'ते' हवं असतं. आणि हेही कबूल केलं पाहिजे, की यहुद्यांविरुद्ध जहरी पुस्तक खुद्द ल्यूथरनं १५४३ साली लिहिलं होतं. नाझींना ते आयतं मिळालं.

९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीभर यहुद्यांची सभास्थानं जळाली. बहुतेक व्यासपीठं गप्प राहिली. डिट्रिख बोनहोफर या तरुण पाळकानं आपलं पवित्र शास्त्र उघडलं. चौऱ्याहत्तराव्या स्तोत्रात देवाची सभास्थानं जाळल्याचा आक्रोश आहे. त्या ओवीखाली त्यानं रेघ ओढली आणि समासात तारीख लिहिली: ९.११.३८.