हवेची सरासरी आणि श्रमिकांचा श्वास



शहराची हवा किती बिघडली आहे हे सांगणारे दोन साक्षीदार आज उपलब्ध आहेत : आकाशातील उपग्रह आणि जमिनीवरील मापनकेंद्र. त्यांच्या साक्षीत अंतर पडले की एकाला खोटे ठरवण्याची घाई होते. वस्तुतः दोघे वेगवेगळ्या गोष्टी मोजतात.

मापनकेंद्र हवा आत खेचते आणि एका घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम सूक्ष्म कण आहेत ते सांगते. माणूस जी हवा श्वासावाटे घेतो तिचीच ही नोंद, तीही अहोरात्र. परंतु त्या जागेपुरती. उपग्रह हवेला स्पर्शही करीत नाही. सूर्यप्रकाश हवेतून जाऊन जमिनीवरून परतताना त्यात जे बदल होतात, त्यांवरून भूपृष्ठापासून वरपर्यंतच्या साऱ्या हवेतील प्रदूषणाचा अंदाज बांधला जातो. २०१७ साली सोडलेला युरोपचा ‘सेंटिनेल-५पी’ दुपारी दीडच्या सुमारास डोक्यावरून जातो. हिवाळ्यातील पहाटे धूर जमिनीलगत साचतो, तेव्हा तो तेथे नसतो. पावसाळी ढगांखालचे त्याला दिसत नाही.

नायट्रोजन डायऑक्साइडच्या त्याच्या नोंदीतील एक चौकट सुमारे ५.५ बाय ३.५ किलोमीटरची असते. मुंबईत एवढ्या चौकटीत चेंबूरचे बंगले, माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांचा परिसर आणि गोवंडीच्या झोपड्या एकाच सरासरीत मिसळू शकतात. दरडोई उत्पन्नाचा आकडा जशी विषमता झाकतो, तशीच ही सरासरीही झाकते.

म्हणून जमिनीवरील आकडा निर्दोष ठरतो काय? नाही. केंद्र कोठे उभारायचे, हा निर्णय केवळ तांत्रिक नसतो. २०१९ साली सुरू झालेला राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम पुढे १३१ शहरांपर्यंत पोचला. पण उपग्रहाच्या चित्रात गंगेच्या मैदानावरील धुरकट थर नगरपालिकांच्या हद्दी जुमानीत नाही. केंद्रे जेथे नाहीत तेथील हवेकडे बोट दाखवणे, हे उपग्रहाचे खरे कार्य.

तथापि ‘उपग्रह आहे, मग केंद्रांवर खर्च कशाला?’ हा युक्तिवाद फसवा आहे. उपग्रहावरून काढलेला अंदाज जमिनीवरील मोजमापाशी ताडून पाहिल्याशिवाय विश्वसनीय ठरत नाही. केंद्र नसलेल्या वस्तीत तो ताडणार कशाशी?

तेव्हा कार्यकर्त्यांची मागणी स्पष्ट असावी : कारखान्यांलगतच्या आणि कचराभूमीलगतच्या श्रमिक वस्त्यांत केंद्रे हवीत, त्यांच्या जागा रहिवाशांशी विचारविनिमय करून ठरवाव्यात आणि तासातासाची नोंद जनतेसमोर यावी. ज्याचा श्वास मोजला जात नाही, त्याचा आजारही हिशेबात धरला जात नाही.