सही झाली, पण समजलं का?

गटात दवाखान्यासाठी कुणी कर्ज मागितलं की आपण रक्कम, हप्ते, जामीन एवढं बघतो. पण पिशवी काढायची असेल, तर तेवढं पुरतं का?

बीड जिल्ह्यात २०१९ साली ऊसतोड करणाऱ्या बायकांची पाहणी झाली. सुमारे ८२ हजार जणींपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीत दुखलं, खाडा पडला की पैसे कापले जातात, डोक्यावर उचल असते. त्यात कुणी सांगतं, काढून टाक, कटकट संपेल. ऑपरेशनआधी कागदावर सही-अंगठा घ्यायचा नियम आहे. पण सही असली म्हणजे सगळं नीट झालं, असं आम्हाला वाटत नाही.

बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. तिथं जॉन ड्युई हे त्यांचे शिक्षक होते. ड्युईंच्या विचाराला मराठीत फलप्रामाण्यवाद म्हणतात. शब्द जड, पण गोष्ट सोपी: एखाद्या नियमानं माणसांच्या जगण्यात काय घडतं ते तपासायचं आणि नीट घडत नसेल तर नियम बदलायचा. फळ म्हणजे नुसता फायदा नव्हे बरं का! तसं असतं तर मुकादमच खरा ठरला असता, खाडे कमी झालेच की. ज्या बाईचं शरीर, तिच्या पुढच्या वीस-तीस वर्षांचा हिशेब त्यात धरावा लागतो.

बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नियम आणि तत्त्व यांत फरक केला आहे. नियम सवयीनं पाळला जातो, तत्त्वानं विचार करावा लागतो. सही घेणं हा नियम. बाईनं समजून स्वतः ठरवावं, हे तत्त्व.

मग समजून म्हणजे काय? नेमका आजार कोणता, सोनोग्राफीत काय निघालं, औषधानं बरं होईल का, हे तिला कळलं पाहिजे. नुसतं पांढरं जातं म्हणून पिशवी काढायची गरज नसते. पिशवीबरोबर अंडाशयही काढणार का, हे तर विचारायचंच. दोन्ही अंडाशयं काढली तर पाळी जाण्याचे त्रास तरुणपणीच सुरू होतात, हाडं ठिसूळ होतात. कॅन्सर असेल, औषधांनी रक्तस्राव थांबतच नसेल, तर ऑपरेशन जीव वाचवतं. म्हणून "पिशवी काढूच नका" असा सरसकट नियमही आम्हाला मान्य नाही.

आमच्या गटांनी एवढं ठरवलंय: घाईचं दुखणं नसेल तर आधी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला गाडीभाडं आणि तपासणीपुरतं छोटं कर्ज. हवी असेल तर सोबत एक मैत्रीण. सगळं ऐकून तिनं काढायचंच ठरवलं, तर मोठं कर्ज अडवायचं नाही आणि तिचं दुखणं बैठकीत चघळायचं नाही. सहा महिन्यांनी तिला एकटीला गाठून विचारायचं, बाई, आमच्या या पद्धतीचा तुला उपयोग झाला की नुसता उशीर?